आजीकडे ठेवलं, पाळणाघरात घातलं म्हणून मूल बिघडतं का?

निर्झरा

महिन्याभरात दोघींशी याच विषयावर बोलणं झालं आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं. राग त्यांच्यावर नाही, त्यांच्या डोक्यात हे ज्यांनी भरवलं त्यांच्यावर.

पहिली माझी भाची. मुलगा दोन वर्षं ओळखीचा, घरात सगळ्यांना आवडलेला. साखरपुड्याची तारीख काढायला बसलो तर ही म्हणते, "मावशी, मी अव्हॉयडंट आहे, तो अँक्शस आहे. आमचं टिकणं शक्य नाही." पत्रिका बघायची नाही म्हणून आईशी वर्षभर भांडलेली मुलगी ही! नाडी गेली, तिच्या जागी अटॅचमेंट स्टाइल आली, म्हणजे माणूस नात्यात जवळीक कशी पेलतो त्याचा कप्पा: अव्हॉयडंट म्हणजे टाळणारा, अँक्शस म्हणजे धास्तावलेला. दुसरी आमच्या खालच्या मजल्यावरची. सव्वीस आठवड्यांची रजा संपत आलीये, बाळ पाळणाघरात जाणार, आणि कुणीतरी तिला रील पाठवलं की पहिल्या तीन वर्षांत आई जवळ नसेल तर मुलाचा मेंदू कायमचा वेगळा घडतो. आता बाळ झोपलं तरी ती झोपत नाही.

मी बरीच वर्षं बालविकास शिकवलाय. मूळ संशोधन काय म्हणतं ते एकदा नीट लिहावं, म्हणून हा धागा.

जॉन बोल्बी हा लंडनचा मनोविकारतज्ज्ञ, जन्म १९०७. घर सुखवस्तू. तिथल्या रिवाजाप्रमाणे मुलं दायांच्या हवाली, आई दिवसातून तासभर भेटायची. त्याला सांभाळणारी दाई तो चार वर्षांचा होत असताना घर सोडून गेली, आणि ती गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांवर त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, १९५१ साली. सार असं की लहान मुलाला आईशी, किंवा कायम आईच्या जागी असलेल्या कुणाशी तरी, जवळचं आणि सलग नातं मिळायला हवं. रीलवाल्यांनी "किंवा"च्या पुढचं सगळं गाळलं.

तोवर मोठमोठे विद्वानही मानत होते की बाळाला आई आवडते कारण ती दूध देते. हॅरी हार्लोने १९५८ मध्ये माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले आणि ते मोडीत निघालं. दूध तारेच्या "आई"कडे असलं तरी पिल्लं दिवसभर मऊ कापडाच्या "आई"लाच बिलगून बसायची.

मग बोल्बीची सहकारी, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ. हिने आधी युगांडात, कंपालाजवळच्या घरांमध्ये जाऊन आया आणि बाळं पाहिली, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला. तिची ती प्रसिद्ध चाचणी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांसाठी आहे. एक खोली, खेळणी, आई आणि एक अनोळखी बाई. सगळं मिळून वीसेक मिनिटं. आई दोनदा बाहेर जाते, परत येते. लोकांना वाटतं की मूल किती रडलं ते मोजायचं. खरं बघायचं असतं ते आई परत आल्यावर मूल काय करतं ते. काही मुलं रडत येतात, कडेवर चढतात, जरा वेळाने निवतात आणि पुन्हा खेळायला उतरतात; हा सुरक्षित गट. काहींना जणू आई आलेली दिसतच नाही, मान खाली ठोकळ्यांत; हा अव्हॉयडंट गट. (आपल्याकडे म्हणतील, किती शहाणं बाळ, अज्जिबात त्रास नाही! पण अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते चांगले वाढलेले असतात.) काही मुलं घे घे करतात आणि घेतलं की लाथा झाडतात; हा धास्तावलेला गट. चौथा गट पुढे एन्सवर्थची विद्यार्थिनी मेरी मेन हिने मांडला: ज्या मुलांना धड जवळ जाता येत नाही, धड लांब राहता येत नाही, मध्येच थिजतात. बरेचदा ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती वाटत असते.

आता मला जे म्हणायचंय ते. हे गट मुलाचे नाहीत, एकेका नात्याचे आहेत. तेच मूल आईबरोबर एका गटात आणि बाबांबरोबर दुसऱ्या गटात असू शकतं, हे संशोधनात नीट दिसलेलं आहे. मग "मी अव्हॉयडंट आहे" हे वाक्यच कुठून आलं?

तुमचे अनुभव लिहा. आजीकडे वाढलेले, हॉस्टेलवाले, पाळणाघरवाले, सगळेच या.

काळाचहा

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आई, सासू, नोकरी, सगळं येणार यात.

तिठ्यावरचा

मी आजीकडे वाढलेला. आईवडील मुंबईत, दहा बाय बाराच्या खोलीत, काका-काकू आणि त्यांची दोन मुलं तिथेच. मला कुडाळजवळ आमच्या वाडीत आजीकडे ठेवलं ते पहिलीत घालायच्या वेळेपर्यंत. आईबाबा गणपतीत आणि मे महिन्यात यायचे. आजीला मी आये म्हणायचो, कारण घरात सगळेच म्हणायचे. आई म्हणजे "मुंबईची आई". खाऊ आणणारी, छान वासाची पाहुणी.

मुंबईला आणलं तेव्हा आजी सोबत आली. आठवडाभर राहिली आणि एका पहाटे, मी झोपेत असताना, निघून गेली. रडारड नको म्हणून सगळ्यांनी ठरवून. उठलो तर कोपऱ्यात तिची वळकटी नाही. मी रडलो नाही म्हणे. "शहाणा रे माझा बाबू" म्हणून काकूने पाच पैशांची लिमलेटची गोळी दिली, ती मात्र मला आठवते. त्यानंतर मी रात्री आईच्या पदराचं टोक मनगटाला गुंडाळून, वर एक गाठ मारून झोपायला लागलो. आईवर प्रेम उतू जात होतं म्हणून नव्हे. तिची तर अजून नीट ओळखही नव्हती. पहाटे कोणी उठलं तर कळावं म्हणून. आईला डबे करायला चारला उठावं लागायचं, ती अंधारात ती गाठ सोडत बसायची.

आता पन्नाशी आली. बायको माहेरी निघाली की आदल्या दिवशी आमच्याकडे हमखास भांडण. विषय काहीही, गॅस सिलिंडरसुद्धा चालतो. हे माझ्या नाही, तिच्या लक्षात आलं.

पण एक सांगतो निर्झराताई, आयेकडची ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भक्कम. आईबापांनी टाकलं वगैरे मला कधी वाटलं नाही. त्या पहाटेचं काय ते वाटतं.

मोगरीण

तिठ्यावरचा, पदराची गाठ वाचून गलबलले. आमच्या घरीही मोठा भाऊ असाच सातव्या वर्षी सोलापूरहून आला. आईला शेवटपर्यंत अगं-तुगं केलं नाही त्याने. आम्ही बाकीचे "ए आई", तो "आई, तुम्ही".

काळाचहा

अवांतर: दहा बाय बारात एवढी माणसं? आमच्याकडे अकरा होती. पैज लावा. :)

निर्झरा

तिठ्यावरचा, तुमच्या त्या पहाटेवरच बोल्बीच्या एका सहकाऱ्याचं आयुष्य गेलं. जेम्स रॉबर्टसन. मानसशास्त्रज्ञ वगैरे नव्हता तो आधी. युद्धकाळात ॲना फ्रॉइडच्या लंडनमधल्या बालसंगोपन केंद्रात बॉयलर सांभाळायला लागला होता. तिथे नियम असा की झाडूवाल्यापासून सगळ्यांनी मुलांबद्दल जे दिसेल ते टिपून ठेवायचं. पठ्ठ्याची नजर तिथे तयार झाली.

त्या काळी इंग्लंडात मूल रुग्णालयात भरती झालं की आईबापांनी घरी जायचं. काही ठिकाणी भेट आठवड्यातून एकदा. का, तर भेटून गेले की मुलं रडतात आणि वॉर्डची शिस्त बिघडते. न भेटणाऱ्यांची मुलं कशी गप्प असतात! रॉबर्टसनने १९५२ मध्ये एक माहितीपट केला. लॉरा नावाची जवळपास अडीच वर्षांची मुलगी, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात. ती आकांत करत नाही. ओठ आवळून बसते, टेडी धरून ठेवते, मध्येच अगदी सहज विचारल्यासारखं आईबद्दल विचारते. आई भेटायला येते तेव्हा तोंड फिरवते. हा माहितीपट डॉक्टरांपुढे दाखवला तेव्हा ते भयंकर चिडले, मुद्दाम असलं मूल निवडलं म्हणाले. पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीच्या अहवालाने आईबापांना मुलांजवळ येऊ द्या अशी शिफारस केली, आणि पुढे हळूहळू वॉर्डांची दारं उघडली.

तुमच्यासाठी मात्र दुसरी दोन मुलं जास्त महत्त्वाची. रॉबर्टसन नवरा-बायकोने पुढे, साठच्या दशकात, अशी मुलं चित्रित केली ज्यांच्या आया बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्या होत्या. जॉन, वय १७ महिने, नऊ दिवस एका निवासी संस्थेत. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलायच्या. त्याने एकीशी सूत जुळवावं तर ती जायची, दुसरी यायची, आणि तिथली सराईत मुलं त्याला बाजूला सारून तिच्या मांडीवर बसायची. शेवटी तो खाईना, खेळेना, आणि आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडे जायला तयार नव्हता, किंचाळत होता. त्याच वयाची जेन मात्र रॉबर्टसनच्या स्वतःच्या घरी राहिली. एकच बाई दिवसभर तिची, आधी ओळख करून घेतलेली, घरून आणलेल्या वस्तू सोबत. तिला त्रास झाला नाही असं नाही, पण ती कोसळली नाही.

म्हणजे आई दूर जाणं आणि कुणीच आपलं न उरणं या दोन गोष्टी वेगळ्या. तुमच्याकडे आये होती, नंतर आई मिळाली. मधला पूल मोठ्यांनी रात्रीत उडवला.

आकडेमोड

सगळं छान, पण जरा थांबा. बोल्बीचा तो "४४ चोर" अभ्यास, चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा, १९४४ चा. मुलांना तपासणारा तोच, "भावनाशून्य" ठरवणारा तोच, आणि आईपासून ताटातूट झाली होती की नाही ते बघणाराही तोच. आज एमएच्या मुलाने असा प्रबंध आणला तर गाइड परत पाठवेल. १४ "भावनाशून्य" मुलांपैकी १२ जणांची ताटातूट झाली होती म्हणे. त्या मुलांच्या घरी दुसरं काय काय चाललं होतं? गरिबी, आजार, भांडणं?

दुसरं, स्वभाव नावाची गोष्ट आहे की नाही? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आयुष्यभर हेच सांगत होता की काही बाळं जन्मतःच बुजरी, पटकन दचकणारी असतात. त्या वीस मिनिटांच्या खोलीत जी लाथा झाडते ती कदाचित मूळचीच तापट असेल. माझ्या दोन मुली, एक आई, एक बाप, एक पाळणाघर. एक हाक मारली की येते, दुसरी हाक मारली की पळते.

तिसरं, जपानची बाळं त्या चाचणीत जास्त रडली, जर्मनीची जास्त अलिप्त निघाली. मग जर्मनीत सगळ्या आया वाईट?

निर्झरा

आकडेमोड, ४४ चोरांबद्दल पूर्ण सहमत. त्या एका अभ्यासावर कुणी इमला बांधू नये, आणि नंतरच्या लोकांनी बांधलाही नाही.

स्वभावाचा वाटा आहेच. पण नुसता स्वभाव असता तर तेच मूल आईपाशी एक आणि बाबांपाशी दुसरं कसं वागलं असतं? जुळ्यांच्या अभ्यासांत तान्हेपणी जनुकांचा वाटा फारसा दिसत नाही, पौगंडावस्थेत मात्र बऱ्यापैकी दिसतो. म्हणजे तुमचा मुद्दा मोठ्या मुलांच्या बाबतीत जास्त खरा आहे.

जपान-जर्मनीबद्दल: १९८८ मध्ये व्हॅन आयझेंडोर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी आठ देशांतल्या जवळपास २००० चाचण्या एकत्र केल्या. देशादेशांत फरक होता, पण एकाच देशातल्या निरनिराळ्या अभ्यासांत त्याहून जास्त होता. जपानी बाळं आईपासून क्षणभर दूर नसायची, त्यांना ती चाचणी जास्त झोंबली. आपल्याकडे सतत कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असलेल्या बाळाला एकट्याला खोलीत सोडलं तर तेच होईल. त्याला "असुरक्षित" शिक्का मारायची मला घाई नाही.

दमलेलाबाबा

या सगळ्यात बाप कुठाय? सगळीकडे आई आई आई.

निर्झरा

आहे की. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन, १९६४, ग्लासगोची ६० बाळं. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या ८७ टक्के बाळांचा एकाहून जास्त माणसांवर जीव जडला होता: बाप, आजी-आजोबा, भावंडं, शेजारीण. कोणावर जास्त जीव, हे दूध कोण पाजतं किंवा दुपटी कोण बदलतं यावर ठरत नव्हतं. हाक मारल्यावर ओ कोण देतं, खेळतं कोण, यावर ठरत होतं. तेव्हा बाबा, दमा पण ओ द्या.

दमलेलाबाबा

ओ.

सांजवात

माझा प्रश्न खराखुरा आहे, हसू नका. आम्ही न्यू जर्सीत. मुलगी सव्वा वर्षाची. आधी माझे आईबाबा आले, व्हिसावर सहा महिने राहता येतं तेवढे राहिले. ते ज्या आठवड्यात गेले त्याच आठवड्यात सासूबाई-सासरे आले. आता ते निघालेत. मैत्रिणींकडे पण अशीच रिले शर्यत चालते, विमानतळावर एक जोडी सोडायची आणि दुसरी घेऊन यायची. खर्च वाचतो, मूल घरच्यांकडे राहतं, वरणभात खातं, सगळे म्हणतात भाग्यवान आहात. पण माझी आई गेल्यावर ही तीन आठवडे रोज त्या खोलीच्या दाराशी जाऊन "आज्जू" म्हणत हँडल ओढायची. आम्ही दार बंदच ठेवलं, सवय व्हावी म्हणून.

मोगरीण

दार उघडं ठेवायचं गं! रिकामी खोली बघू दे की तिला.

निर्झरा

मोगरीण +१. मुलाच्या दृष्टीने माणूस गेलंय ही बातमी आहे. ती लपवली की मूल शोधत बसतं. खोली दाखवा, "आज्जू विमानाने पुण्याला गेली" म्हणा, फोटो भिंतीवर तिच्या उंचीला लावा, व्हिडिओ कॉलवर आजीला तीच रोजची दोन गाणी म्हणायला सांगा. सव्वा वर्षाच्या मुलाला सगळं कळत नाही पण सूर कळतो.

आणि सासूबाई निघतील तेव्हा तिला विमानतळावर न्या, किंवा निदान दारात टाटा होऊ दे. आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय कुठली म्हणाल तर ही: लक्ष नाहीसं बघून सटकणं. "ते बघ चिऊ" करायचं आणि मागच्या मागे चप्पल घालायची. त्या वेळची रडारड टळते खरी. पण मूल पुढे मागे वळून वळून बघायला लागतं. दोन जोड्यांची ये-जा आठ-पंधरा दिवस एकमेकांत मिसळता आली तर फारच उत्तम, जेनची ओळख आधी करून दिली होती तशी. तुम्ही दोघं घरात कायम आहात, हे विसरू नका. ती काही जॉन नाही.

ड्यूटीवर

नर्स आहे, बारा तासांची पाळी संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. लॉराचं वाचून हसू आलं, कारण सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात आमच्याकडे उलटं. आई तर असतेच, तीच सलाइनच्या बाटलीकडे लक्ष ठेवते, खाटेखाली चटई टाकून झोपते. माणसं कमी म्हणून तसं, सिद्धांत वाचून नाही. :) आणि बड्या खासगी ठिकाणी अतिदक्षता विभागात आईला काचेबाहेर उभं करतात. पैसे भरून लॉरा!

कमी वजनाच्या बाळांचं मात्र बदलतंय. आईच्या छातीला उघडं बाळ बांधून ठेवायची कांगारू पद्धत कोलंबियात बोगोटाला सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, कारण तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास आला. दिल्लीच्या सफदरजंगमध्ये नवजात अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा टाकल्या. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच आईजवळ दिलं तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. यात अटॅचमेंट मोजलेली नाही, जीव मोजलेत. पण "आईला आत घेतलं की इन्फेक्शन होतं" म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते.

माळरान

बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. बाकीचे ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फिटेपर्यंत उसाच्या फडावर. शाळेतली पोरं हंगामी वसतिगृहात जेवतात, आजी-आजोबांकडे निजतात. तान्ही आईबरोबर फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. बांधावर साडीची झोळी, पाच वर्षांची बहीण ती हलवते, आई मोळ्या बांधता बांधता येऊन पाजते. खाडा पडला की पैसे कापतात.

मार्च-एप्रिलमध्ये परत आलेली आई शाळेच्या फाटकाशी उभी असते आणि दुसरीतलं पोरगं तिच्याकडे न बघता मित्रांबरोबर विहिरीकडे जातं. दरवर्षी बघतो. निर्झराताईंनी लिहिलंय ना, मान खाली ठोकळ्यांत, तेच. दोन-तीन दिवसांनी चिकटतं, मग सोडत नाही. आणि तोवर दसरा येतोच.

या आयांना कुणी अटॅचमेंटवर व्याख्यान द्यायला येऊ नये, एवढंच. मागे एक पाहुणे आले होते, "पहिली तीन वर्षं मोलाची" म्हणून सांगून गेले. एका बाईने विचारलं, उचल तुम्ही फेडता का?

काळाचहा

पॉपकॉर्न खाली ठेवले.

अर्धवट

मी त्या भाचीच्या वयाची. :) रील्सना इतकं नका झोडपू. मला माझ्या घरातलं काही कळत नव्हतं, या शब्दांमुळे निदान बोलता आलं. पण मोठ्यांच्या या स्टाइल आल्या कुठून? आणि त्या बदलतात का? हे कोणी सांगत नाही, सगळे फक्त क्विझ देतात.

निर्झरा

आल्याही क्विझमधूनच! १९८७, सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमावर प्रश्नावली छापली: तीन परिच्छेद, तुम्हाला कोणता लागू पडतो ते सांगा. ६२० जणांची उत्तरं मोजली. ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे, १९ टक्के धास्तावलेले. कल्पना हुशारीची होती, त्यातून पुढे पुष्कळ चांगलं काम झालं. पण ते लोकांनी स्वतःबद्दल, त्या वेळच्या प्रेमाबद्दल दिलेलं उत्तर आहे. त्यांच्या पाळण्यात कुणी डोकावलं नव्हतं. आता तर संशोधक असे कप्पेही मानत नाहीत, थोडं कमी थोडं जास्त अशा पट्टीवर मोजतात.

बदलतं का? हो. मिनेसोटात सत्तरच्या दशकात गरीब घरांतल्या पहिलटकरणींपासून एक अभ्यास सुरू झाला आणि त्यांची मुलं मोठी होऊन आईबाप होईपर्यंत चालला. बालपणीच्या नात्याचा माग पुढे मैत्रीत, प्रेमात लागतो, पण अंधुक. मधे आईला आधार मिळाला, घरातली मारझोड थांबली, चांगला जोडीदार भेटला, तर वाट वळते. उलटंही होतं.

मेरी मेनने मोठ्यांसाठी वेगळीच मुलाखत काढली. बालपण चांगलं गेलं की वाईट, याला त्यात गुण नाहीत. ते तुम्हाला सलग, खऱ्या प्रसंगांसह सांगता येतं का ते बघतात. "माझी आई देवी होती" म्हणणारा माणूस एकही प्रसंग सांगू शकत नाही तेव्हा कान टवकारायचे. वरची पदराच्या गाठीची पोस्ट पुन्हा वाच. आजीवरचा राग आणि आजीचं प्रेम दोन्ही जागच्या जागी.

अर्धवट

ओके. "माझं बालपण एकदम नॉर्मल होतं" म्हणणारे माझे बाबा आठवले. पुढे एकही वाक्य नाही.

घारापुरी

बरेच दिवस लिहावं की नाही ठरत नव्हतं. आमची लेक दत्तक, कारा या सरकारी दत्तक संस्थेमार्फत, घरी आली तेव्हा अडीच वर्षांची. शिशुगृह स्वच्छ होतं, बायका मायाळू होत्या, पण मुलं खूप आणि पाळ्या तीन. पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांकडे जायची. लिफ्टमधल्या काकांचा हात धरून निघाली, भाजीवाल्याच्या मांडीवर बसली. नातेवाईक खूश, किती माणसाळलेली! आम्हाला पोटात गोळा. पडली, गुडघा फुटला तर रडायची नाही, उठून रक्ताकडे बघायची. उशीच्या अभ्र्यात पोळीचे तुकडे सापडायचे.

समुपदेशक म्हणाल्या, काही महिने फक्त तुम्ही दोघांनीच भरवायचं, तुम्हीच अंघोळ घालायची, पाहुण्यांना सांगायचं की लाड लांबून करा. सासूबाई दुखावल्या, साहजिक आहे. पण केलं. पावसाळ्यात एकदा जिन्यात घसरली, शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या, हात पुढे केला त्यांनी. तिने त्यांना ओलांडलं, भोकाड पसरलं आणि वर माझ्यापर्यंत आली. काकू म्हणाल्या, "काय झालं हिला, आधी अशी नव्हती." मी आत जाऊन नवऱ्याला ऑफिसात फोन केला, "रडली, रडली!" त्याच्या शेजारच्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे.

पोळ्या अजून कधीतरी सापडतात.

निर्झरा

घारापुरी, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. रोमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट पडली तेव्हा हजारो मुलं अनाथालयांत सापडली. २००० पासून बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना यांनी तिथल्या १३६ मुलांचा अभ्यास केला, वय सहा महिने ते अडीच वर्षं. चिठ्ठ्या टाकाव्या तशी निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेली, बाकीची होती तिथे राहिली. (यावर नैतिक वाद झाला, व्हायलाच हवा होता. तिथे तोवर अशी कुटुंबंच जवळपास नव्हती, हे त्यांचं उत्तर.) साडेतीन वर्षांची झाल्यावर कुटुंबातल्या जवळपास निम्म्या मुलांचं नातं सुरक्षित होतं. संस्थेतल्या मुलांत हे प्रमाण पाचातल्या एकापेक्षाही कमी. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं जास्त भरून आलं. अनोळखी माणसाबरोबर निघून जाणं हे लक्षण चिवट, घर मिळाल्यावरही काहींत टिकलं. तेव्हा लिफ्टमधल्या काकांकडे लक्ष ठेवाच.

दुपारची_शिफ्ट

पाळणाघराचं राहिलं की! नऊ महिन्यांचा मुलगा, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. हो की नाही एवढं सांगा.

निर्झरा

हो. अमेरिकेत १९९१ पासून १३६४ मुलांचा सरकारी पैशाने मोठा अभ्यास झाला. नुसतं पाळणाघरात जाण्याने आईशी नातं बिघडतं असं दिसलं नाही. पाळणाघर सुमार आणि घरीही मुलाकडे लक्ष नाही, अशी दुहेरी बोंब असेल तिथे धोका वाढला. माणसं सारखी बदलतात का, एका ताईकडे किती बाळं, एवढं बघ. आई-बाळांवर संशोधन करणारा एडवर्ड ट्रॉनिक तर म्हणतो की चांगल्या आया आणि बाळंसुद्धा बराचसा वेळ एकमेकांशी जुळलेली नसतातच. चुकतं, मग जुळवून घेतात.

स्टुटगार्टकर

इथे बाळाला पाळणाघरात घालायची पद्धत ठरलेली असते, बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तिथेच कोपऱ्यात बसतात, काही करायचं नाही, फोनही बघायचा नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ दाराबाहेर. ताईने समजावल्यावर मूल निवलं तर वेळ वाढवायची, नाही निवलं तर आणखी थांबायचं. सगळं मिळून दोन-तीन आठवडे सहज जातात. मी पहिल्या दिवशी घड्याळ बघत होतो, तिसऱ्या दिवशी मलाच डुलकी लागली.

दुपारची_शिफ्ट

आजच विचारून आले. आमच्या इथल्या पाळणाघरवाल्या म्हणाल्या, "आई समोर असली की मुलं जास्त रडतात. गेटवरून द्या आणि मागे न बघता जा. चार दिवसांत गप्प होतं."

ड्यूटीवर

वॉर्डातले जुने लोक अगदी हेच बोलतात, शब्द न् शब्द.

निर्झरा

गप्प होतं हे खरंच आहे, लॉराही गप्प होती. दुसरं बघ. दुसरं जवळपास नसेल तर त्यांना म्हण, रोज अर्धा तास बसते, फी पूर्ण घ्या, पैशाने बरेच नियम वाकतात. बाळ कोणत्या ताईंच्या हातात जाणार ते नाव घेऊन विचार आणि रविवारी त्यांनाच घरी चहाला बोलव, म्हणजे बाळ त्यांना तुझ्याशी हसताना बघेल. आणि बोलता बोलता त्यांचा पगार किती ते हळूच काढून घे. दिवाळीनंतर त्या तिथे असतील की नाही, ते त्यावरून कळेल.